चौथीच्या फटी

उद्या सकाळच्या उधाणाच्या भरतीला कप्तानाची चौथी बोट पाण्यात जाणार हे पक्कं झालं, तेव्हा आईने सगळ्यांत आधी चौकशी केली ती क्रेनवाल्याची. क्रेनवाला येणार होता. मग तिने हवेचं विचारलं. हवाही बरी राहणार होती. विचारण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तरी ती घुटमळत राहिली, तेव्हा कप्तान हसला.

"सवतीची एवढी काळजी तुला कधीपासून?"

सवत हा शब्द तिचाच. तिचं लग्न झालं तेव्हा पहिली चिखलात कमरेपर्यंत रुतलेली होती आणि तिच्या पोटात खेकड्यांनी संसार मांडला होता. मालवाहू जहाजावरच्या नोकरीतून सुटी मिळाली की बाकीच्यांचे नवरे घरी यायचे, हिचा चिखलात उतरायचा. दुसरीत तिच्या आधीच्या मालकाने कोंबड्या पाळल्या होत्या. तिसरी अर्धी जळलेली होती. प्रत्येकीला त्याने फळी फळी बदलून उभं केलं, डोलकाठी बसवली, शिडं चढवली, दूरदूरची बेटं दाखवून आणली, आणि जिचं सगळं नीट झालं ती कुणा चांगल्या माणसाच्या हवाली करून पुढची मोडकी शोधायला लागला. "यांना मोडकीच आवडते. मी धडधाकट राहिले तिथेच फसले," असं आई पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुण्यांपेक्षा स्वतःच जास्त हसायची. बोटीतून तिने प्रवास पुष्कळ केले, उलट्याही मनसोक्त केल्या, पण बोटीच्या कामाला हात म्हणून लावला नाही. ती नर्स होती. "माणसं माझी, लाकडं तुमची," अशी वाटणी तिने संसाराच्या सुरुवातीलाच करून टाकली होती.

आता चौथी. नोकरी संपल्यावर आणलेली, रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये लाकडी टेकूंवर वर्षानुवर्षं उभी असलेली. कप्तानाने आणि थोरल्या लेकीने मिळून तिच्या फासळ्या बदलल्या, डेक नवं केलं, केबिनमध्ये दोन बाकं आणि एक टेबल बसवलं. पुढच्या आठवड्यात कप्तानाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आत्ताही आणि त्यानंतरही दोर ओढायचे नाहीत, शिड्या चढायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनचं काय, ते डॉक्टर जपून बोलले. पण आईने जन्मभर माणसांना ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ढकलत नेलं होतं; तिला जपून बोललेलंही पूर्ण ऐकू यायचं. कप्तानाचं मागणं एकच होतं. आत जायच्या आधी चौथी तरंगताना बघायची. एवढं मोठं उधाण यानंतर पंधरवड्याने, म्हणजे त्याच्यासाठी उद्याच.

दुपारी त्याला जेवणानंतरच्या गोळ्या देऊन, झोपायला लावून, आई थर्मास घेऊन रस्ता ओलांडून शेडमध्ये गेली. थोरली बोटीच्या पोटाखाली उताणी पडून होती. बापाच्या हाताखाली ती बोटींची सुतार झाली होती आणि आता लांबलांबच्या गोद्यांतून तिला बोलावणी यायची. अशाच एका कामावरून ती आदल्या दिवशी परतली होती. हातातलं पातळ पातं तिने दोन फळ्यांच्या मध्ये रोवून बघितलं, मग जरा पुढे, मग आणखी पुढे. ते कुठेच आत जाईना.

"आई, ह्या फटी कुणी भरल्या?"

आईने थर्मास खाली ठेवला. खरं तर हा प्रश्न उद्या, बोट पाण्यात गेल्यावर, कप्तानाने विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर तिने आणि धाकट्याने हसत हसत द्यायचं होतं. तसं त्यांचं ठरलं होतं.

"का गं? चांगल्या नाही भरल्या?"

"चांगल्या भरल्यात," थोरली म्हणाली. "तेच तर."

ती बाहेर आली, कपडे झटकले, आणि धाकट्याला फोन लावून एवढंच म्हणाली की असशील तसा ये. तिने भांडण केलं असतं तर आईला बरं वाटलं असतं. लहानपणापासून ही भावंडं एकमेकांचे कान उपटूनच मोठी झाली होती. पण थोरली चहाचा कप हातात धरून नुसती बोटीकडे बघत बसली आणि चहावर साय धरली.

भरण्याचा तो रविवार आईला लख्ख आठवत होता. दोन महिन्यांपूर्वी कप्तानाच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, तेव्हाची गोष्ट. ज्या हॉस्पिटलात तिची अर्धी जिंदगी गेली तिथेच तिला नव्या मुलींनी दाराबाहेर बाकावर बसवलं होतं. पेशंटच्या घरच्यांनी आत थांबायचं नाही, मावशी. तिने दोन वेळा उठून आत जायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तिला गोड बोलून परत बसवलं. संध्याकाळी धाकट्याने तिला जरा मोकळी हवा म्हणून शेडमध्ये आणलं. बोटीच्या आत दिवा लावला तर खालच्या फळ्यांमधून उजेडाच्या रेघा जमिनीवर पडल्या. धाकटा दातांचा डॉक्टर. फट दिसली की त्याचा जीव कासावीस होतो.

"आई, अगं हे बघ. पाणी काय बाहेर उभं राहून विचारणार आहे, आत येऊ का म्हणून?"

पुढच्या रविवारी तो दोन डबे घेऊन आला. दोन्हीतलं मिसळून लावायचं, की दगड होतं. बाजारात याहून भारी मिळत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. आई आधी नुसता दिवा धरून उभी होती. मग तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढले. तो भरत गेला आणि ती मागून बोटाने दाबून, पुसून, सारखं करत गेली. जखम शिवल्यावर टाके बघत जावं तशी ती एकेक वीत पुढे सरकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या हातांना काम होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं. एका बाजूच्या तळच्या तीन फटी झाल्या आणि डबे संपले. वर दोघांनी रंग लावला. उरलेलं गोदीतला माणूस करेल, असं धाकटा म्हणाला, आणि त्याने ते नेहमीच्या पद्धतीने केलंही. पण या तिघींच्या पोटात काय आहे ते त्यालाही कळलं नाही.

धाकटा दवाखान्याचा पांढरा कोट घालूनच आला. त्याच्या मागोमाग सून आली, तीही युनिफॉर्ममध्येच. ती शहरातली बस चालवायची आणि तिची पाळी नुकतीच संपली होती. नवऱ्याचे रविवार ही बोट खाते म्हणून तिचा चौथीवर दात होता, आणि थोरलीशी तिचं सख्य कामापुरतंच होतं.

थोरलीने सगळ्यांना बोटीखाली बोलावलं. ती आवाज न चढवता बोलली, आणि म्हणून सगळ्यांनी ऐकलं. लाकूड इतकी वर्षं जमिनीवर उभं राहून सुकतं, आकसतं, म्हणून फटी पडतात. त्यात कापसाचा पीळ ठोकायचा, वरून मऊ लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, आणि तरीही थोडी जागा राहू द्यायची. बोट पाण्यात गेली की लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फळीला फळी आपणहून मिळते. तोवर बोट गळणार. गळलीच पाहिजे.

"बाबा काय सांगतात? बोट आधी गळते, मग तरते. लहानपणापासून ऐकतोयस ना?"

"मला वाटायचं ते असंच काहीतरी आयुष्याबद्दल बोलतायत," धाकटा म्हणाला.

"ते बोटीबद्दल बोलतात रे. ते कायम बोटीबद्दलच बोलतात." थोरलीने भरलेल्या फटीवर नख वाजवलं. "तू दात भरतोस. दात फुगतो का पाण्यात? ही फळी फुगणार. हा दगड हलणार नाही. मग ती जाईल कुठे? फासळीवरून उखडेल, नाहीतर फासळीच मोडेल."

आईला ते ऐकताक्षणी समजलं. हाताला प्लास्टर घट्ट बसलं आणि आतून सूज चढली की काय होतं, ते तिने पाहिलं होतं. काळीनिळी झालेली बोटं, रात्रभर रडणारी पोरं. नव्या मुलींना तीच शिकवायची, सुजायला जागा ठेवा. तिने खाली बघितलं. ज्या बोटाने ते सगळं सारखं केलं होतं ते बोट तिने पदरात धरून ठेवलं होतं.

धाकट्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, चूक त्याची आहे, तो आत्ताच जाऊन बाबांना सांगतो. आई म्हणाली, मुळीच नाही, त्या हृदयाला आता हा धक्का नको. क्रेन बिघडली म्हणून सांगू. थोरली म्हणाली, खोटं नको, खरं तेच सांगायचं. यावर नवल असं झालं की सून थोरलीच्या बाजूने उभी राहिली. ती म्हणाली, बस बंद पडली तर मी प्रवाशांना सांगते की बंद पडलीय. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही न सांगणं, याच्यासारखा दुसरा छळ नाही. थोरलीने तिच्याकडे वळून पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट.

"पण सांगून काय करणार?" आई म्हणाली. "उद्या नाही म्हणजे... पंधरवड्याने नाही हो, बाळांनो. मला माहितेय ना ते खोलीत नेतात तेव्हा. मला माहितेय."

मग धाकटा कोट काढून बोटीखाली शिरला. त्याने फटीवर अंगठा फिरवला, डोळे बारीक केले, पुन्हा फिरवला.

"ताई, हे काढता येईल."

"पटाशीने काढशील तर फळीच्या कडा खराब होतील. मग कापूस धरणार नाही."

"पटाशीने कोण म्हणतंय? जुनं भरलेलं काढायचं आणि दाताला धक्का लावायचा नाही, हे मी रोज करतो. त्यावरच पोट आहे माझं."

सून काही न विचारता दवाखान्यात गेली आणि त्याचं लहान ड्रिल, दात उकरायच्या आकड्यांचा डबा आणि उताण्या माणसाच्या तोंडावर सोडतात तो दिवा घेऊन आली. धाकट्याने एक वीत फट मोकळी केली. थोरलीने ती आतून पाहिली, बाहेरून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. "चालेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून भावाला यापूर्वी एवढं मोठं प्रशस्तिपत्रक कधी मिळालं नव्हतं.

मग सगळे लागले. धाकटा ड्रिलने फोडत जाई, सून आकड्याने उकरी, थोरली मागून ब्रशने झाडून कापूस ठोकायची तयारी करी. आईने हातमोजे चढवले आणि पडलेले तुकडे गोळा करायला लागली. तिच्या बोटाचे ठसे त्यांच्यावर अजून होते. एकदा तिने एक तुकडा हळूच कमरेला खोचला आणि पुन्हा काढून कचऱ्यात टाकला.

कप्तान दारात उभा आहे हे कुणालाच कळलं नाही. तो काठी टेकत रस्ता ओलांडून आला होता, एकटा, आणि हे त्याला बजावून मना केलेलं होतं. ड्रिलच्या आवाजाने तो जागा झाला, असं तो नंतर म्हणाला. "माझ्या बोटीच्या दाढा काढताय का?"

ड्रिल थांबलं. त्याने वाकून एक तुकडा उचलला, नखाने दाबून पाहिला, आणि त्याला सगळं कळलं. तोंडावरचं हसू गेलं.

"बाबा, मी भरलं," धाकटा म्हणाला.

"त्याने भरलं आणि मी बोटाने सारखं केलं," आई म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा. तुम्हाला चकित करायचं होतं. एक थेंब आत येणार नाही म्हणून."

कप्तान स्टुलावर बसला. लाकडाची कुणी वाट लावली तर तो काय बोलतो हे सगळ्या गोदीला ठाऊक होतं. आई त्याची वाट बघत उभी राहिली.

"तू?" तो म्हणाला. "बोटीला हात लावलास?"

"हो."

"जन्मभर म्हणत आलो, एकदा हात लाव. लावलास तो असा लावलास होय?" तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. मग नाक पुसून तो कप्तान झाला. "सगळं काढा. एक कण ठेवायचा नाही आत."

आईला ते जरासं लागलं. खरं म्हणजे फारच बरोबर होतं, म्हणून लागलं. पण त्याने लगेच कापसाचं बंडल तिच्या हातात दिलं.

"पीळ तू दे. बँडेज गुंडाळायचीस तसा. पण सैल."

"सैल मला येत नाही."

"येईल."

पहिले दोन पीळ त्याने उलगडून परत दिले. तिसरा ठेवून घेतला. हातोडा उचलायची त्याला बंदी होती, म्हणून तो स्टुलावर डोळे मिटून नुसता ऐकत होता आणि ठोक्याच्या आवाजावरून थोरलीला सांगत होता, इथे बास, तिथे अजून एक. दिवेलागणीला तिन्ही फटी झाल्या. सून त्याला हाताला धरून घरी सोडायला गेली आणि जाताना त्याने तिला विचारलं की एवढी मोठी बस वळणावर तू नेतेस कशी. हे त्याने तिला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती घरी पोचेपर्यंत सांगत होती.

सकाळी क्रेनने पट्ट्यांत धरून चौथीला उचललं. इतकी वर्षं जमिनीवर पाहिलेली बोट हवेत लोंबताना पाहून आईला उगाचच लाज वाटली, कुणाला कपडे बदलताना पाहावं तशी. मग चौथी पाण्याला टेकली, डुलली, आणि सरळ राहिली. कप्तानाने टोपी काढली. थोरली आणि धाकटा पंप घेऊन डेकवर गेले. धक्क्यावरून डेकवर फळी टाकलेली होती, शिडी लागत नव्हती, त्यामुळे डॉक्टरांना बोलायला जागा नव्हती. कप्तानाने आईपुढे हात केला.

"चल आत."

"मी कशाला?"

"चल तर."

केबिनमध्ये ती बाकावर बसली आणि तिने खाली पाहिलं. पाणी येत होतं. तळच्या फटींतून, दहा जागांहून, बारीक बारीक धारांनी, बिनदिक्कत. आई झटकन उठली, पदर खोचला, काहीतरी शोधायला लागली. फडकं, कापूस, काहीही. कप्तानाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"राहू दे."

"अहो, आत येतंय."

"येणारच. पंप चालू आहे. आपण बसायचं."

वर पंप धडधडत होता, आणि त्यावरून भावंडांचं काहीतरी जुंपलं होतं. आईने हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"पुढच्या आठवड्यातही मला बाहेर बसवणार आहेत," ती म्हणाली. "बाकावर. आत सोडत नाहीत."

"माहितेय."

"मला बसता येत नाही हो. हातात काही नसलं की मला..."

"म्हणून तर आणलं तुला इथे," कप्तान म्हणाला. "मी चार बोटींजवळ शिकलो. तुला एका दिवसात शिकायचंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"मला पण."

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. वादळातून आल्यावरही नाही. तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि मग काहीतरी आठवून जरा सैल केला.

ती समोरच्या एका फटीकडे बघत राहिली. सलाइनच्या थेंबांवर नजर ठेवायची तिची जुनी सवय होती, ती कामाला आली. दुपारपर्यंत धार होती. मग धारेचे थेंब झाले. सून खिडकीतून डबा देऊन गेली, ते दोघांनी तिथेच खाल्लं. उन्हं कलली तसे थेंब लांबत गेले. एकाने दुसऱ्याची वाट पाहावी तसे ते येत होते. मग त्या फटीवर एक थेंब फुगला, लोंबला, पडला. आई पुढच्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. ती बघत राहिली. नाहीच आला.

सगळ्यांना हाक मारून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण कप्तान तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता, आणि बारीक घोरत होता. उठायचं तर तो जागा झाला असता.

ती उठली नाही. बसून राहिली.